एप्रिलमध्ये पास, जुलैमध्ये नापास

विदर्भात एसी बसवायचा एक मोसम असतो. होळी आटोपली की लोकांना गेल्या वर्षीचा मे महिना आठवतो आणि गुढीपाडव्यापासून मेकॅनिक लोकांचे फोन लागेनासे होतात. चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर, आणि तिथून घाट चढून वर जिवती... सगळीकडे तेच चित्र. एसी भिंतीवर चढतो, रिमोटवर १८ चा आकडा उमटतो, मेकॅनिक तळहात पुढे करून गार हवा तपासतो, मग मालक तळहात पुढे करून तीच हवा तपासतो, 'झालं बघा' म्हणत पैसे दिले-घेतले जातात आणि मेकॅनिक पुढच्या घरी पळतो.

माझं म्हणणं असं की यात अर्धाच एसी तपासला गेला. राहिलेला अर्धा, म्हणजे पाण्याचा, कोणी तपासलाच नाही. आणि जिथे ते पाणी बाहेर टाकायला पंप लावलाय तिथे तर न तपासलेल्या अर्ध्याला एक मोटर, एक फ्लोट आणि चार वायरी आहेत. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात :-)

थोडं मागे जाऊ. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याची अडचण सोडवताना विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने आज आपण ज्याला एसी म्हणतो त्याचा आराखडा केला. त्या छापखान्याची तक्रार उकाड्याची नव्हती. हवेतला दमटपणा कमी-जास्त झाला की कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही, ही तक्रार होती. म्हणजे या यंत्राचं पहिलं काम हवेतलं पाणी आटोक्यात आणणं हे होतं. आपण पुढे त्याला गारव्याचं यंत्र म्हणायला लागलो आणि पाणी ही एक कटकट होऊन बसली. पाइपातून टपटपणारी, शेजाऱ्यांच्या गॅलरीत पडून भांडणं लावणारी.

हे पाणी येतं कुठून, ते सगळ्यांना माहीत असतं. थंड पाण्याच्या ग्लासवर बाहेरून जमतात तेच थेंब. पण *किती* येतं, ते हवेवर अवलंबून आहे, आणि इथेच सगळी गोम आहे. मे महिन्यात पारा ४५ वर आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर एक किलो हवेत साधारण ९ ग्रॅम पाणी असतं. अशी हवा १२ अंशांपर्यंत थंड केली तर कुठे पहिला थेंब सुटतो. एसीची कॉइल असते जेमतेम तेवढीच थंड, १०-१२ अंशांच्या आसपास. मग पाणी निघणार काय? दुपारभर एसी चालवा, बाहेरच्या पाइपाखालची जमीनसुद्धा धड ओली होत नाही. जुलैत उलटं. तापमान २८, आर्द्रता ८५ टक्के. एक किलो हवेत २० ग्रॅमच्या वर पाणी, आणि २५ अंशांनाच थेंब सुटायला सुरुवात. दीड टनाचा एसी जोरात चालला तर तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. दिवसभराची बादली भरते.

आता हिशोब करा. ज्या महिन्यात विदर्भात सगळे एसी बसतात त्या महिन्यात पाण्याची बाजू कामालाच लागत नाही. मुंबईत एप्रिलमध्ये बसवलेला पंप पहिल्याच तासात स्वतःची परीक्षा देऊन मोकळा होतो, कारण तिथली हवा तेव्हाही ओलीचिंब असते. चंद्रपुरात तो पंप तीन महिने नुसता बसून राहतो. पास झाला म्हणून नव्हे. त्याचा पेपरच झालेला नसतो. (पुण्यातल्या मंडळींनी हसू नये. पुण्याचा एप्रिलही कोरडाच असतो.)

पंप लागतो कशाला, असंही कोणी विचारेल. बरोबर प्रश्न आहे. नव्वद टक्के ठिकाणी तो लागत नाही आणि लागत नसेल तर लावूच नये. पाणी उतारावरून आपोआप जातं, वीज लागत नाही, बिघडण्यासारखं काही नाही. मीटरभर पाइपाला सेंटीमीटरभर उतार दिला तरी काम भागतं. पण जिथे खोली आतली आहे, तिन्ही भिंती दुसऱ्याच्या आहेत आणि बाहेर जायची एकमेव वाट दरवाज्याच्या वरून आहे, तिथे पाण्याला आधी वर चढवावं लागतं. बाजारपेठेतली लांबट दुकानं, बँकांच्या आतल्या खोल्या, सोसायटीत स्टोअररूमची केलेली वर्क-फ्रॉम-होम खोली, सगळ्यांची तीच गत. ऑफिसात छतात बसवलेले चौकोनी कॅसेट एसी असतात त्यांच्या तर पोटातच असा एक छोटा पंप असतो, पाणी पाऊण-एक मीटर वर उचलणारा. आपल्याला तो दिसत नाही इतकंच.

माझ्या मावसभावाची खोली अगदी अशी आहे. तो जिवतीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवतो. जिवती म्हणजे माणिकगड पहाडावरचा तालुका. खालचे लोक नुसतं 'पहाडावर' म्हणतात, म्हणजे जिवतीच समजायचं. कोलाम-गोंडांचे गुडे, बंजारा तांडे, मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबं, पलीकडे लागून तेलंगणा, आणि ज्यांच्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात ती सीमेवरची चौदा गावं. अशा तालुक्यात दाखला, सातबारा, विमा, शिष्यवृत्ती, सगळं अशा एका खोलीतून जातं. खोलीत दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स, अंगठ्याचं मशीन आणि कुठल्याही वेळी दहा-पंधरा माणसं. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याने एसी घेतला. खोली मागची, त्यामुळे पाण्याला पंप. टाकीवाला, म्हणजे एसीचं पाणी उतारावरून दीड-दोन लिटरच्या छोट्या टाकीत येतं, टाकी भरली की पंप ते वर ढकलतो, असा. टाकी ठेवली एका फळीवर. फळीच्या खाली प्रिंटर. (हे कोणाला सुचलं ते मी विचारलं नाही.)

त्या वर्षीच्या खरिपाला राज्यात एक रुपयात पीक विमा आला होता. ती योजना पुढे २०२५ च्या खरिपापासून बदलली, पण २०२३ चा तो जुलै ज्यांनी अशा केंद्रात काढला त्यांना तो विसरणं शक्य नाही. मुदत ३१ जुलै, नंतर ३ ऑगस्टपर्यंत वाढवली. वेबसाइट रांगत होती, लोक सकाळी सातपासून पायरीवर बसलेले. त्यात एका सकाळी भावाचा फोन. मी तेव्हा सुट्टीवर चंद्रपूरलाच होतो.

"दादा, टाकी भरून वाहून राहिली न. प्रिंटरवर पाणी पडलं. पंप जळला वाटते."

मी तिथे पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. प्रिंटर बंद, खालच्या फळीवरचे कागद लगदा झालेले, आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्स भिजल्या म्हणून एका म्हाताऱ्या बाबांना परत गुड्यावर जाऊन दुसऱ्या दिवशी यायला सांगितलेलं. बाबांनी काही वाद घातला नाही. पावसात आले तसे पावसात गेले. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं ते हे. एसी हा आमच्यासारख्यांचा चोचला असेल, पण त्याच्या दोनशे रुपयांच्या फ्लोटमुळे एका माणसाची एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळची पायपीट गेली. तीही मुदत संपायला आली असताना.

पंप जळलेला नव्हता. पंप जळलेला फार क्वचित असतो, पण निदान मात्र पहिलं तेच होतं, कारण 'जळला' म्हटलं की नवीन आणायचा, विचार करायचा नाही. डिबगिंगचा पहिला नियम सगळ्या धंद्यांत एकच आहे: मधोमध तोडा आणि कोणत्या अर्ध्यात गडबड आहे ते बघा. त्या पंपाला वीज येते का? बोर्डावरच्या त्याच प्लगला मोबाइलचा चार्जर लावला, चार्जिंग सुरू. वीज आहे. (हे हसण्यावारी नेऊ नका. पंपाचा प्लग काढून तिथे कोणीतरी मोबाइल लावलेला असणं, हे माझ्या मते या जगातलं बिघाडाचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.) मग झाकण काढून वाळक्या बांबूच्या काडीने फ्लोट वर उचलला. खर्रर्र करून पंप सुरू! म्हणजे मोटर चांगली, वीज चांगली. काडी काढली, पंप बंद, टाकी मात्र काठोकाठ. म्हणजे पाणी वर आलं तरी फ्लोट वर येत नव्हता.

प्लग काढून टाकी बाहेर आणली आणि मग कळलं. एप्रिल ते जून टाकीत पाणी असं आलंच नव्हतं. आलं होतं ते चमचा-दोन चमचे, आणि त्याबरोबर कॉइलवरची धूळ. गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने, जिल्ह्यातला कोळसा, उन्हाळ्यातली फुफाटा उडवणारी वावटळ, या भागात हवेला धुळीची काही कमी नाही. ती धूळ तळाला बसली, ओली झाली, वाळली, परत ओली झाली, परत वाळली. तीन महिन्यांत तिचा लपक्या झाला आणि फ्लोट त्यात पाय रोवून बसला. पाणी रोज आलं असतं तर ही धूळ रोज वाहून गेली असती. न वापरल्यामुळे यंत्र खराब झालं, वापरल्यामुळे नाही.

धुतली, ब्रशने फ्लोट मोकळा केला, पाच मिनिटांत काम झालं. पण टाकी उपडी केली तेव्हा एक जास्तीची गोष्ट दिसली. तिच्यातून चार वायरी निघत होत्या. दोन विजेच्या प्लगला गेलेल्या. उरलेल्या दोन एकमेकींभोवती गुंडाळून, वरून काळी टेप मारून ठेवलेल्या. कुठेच जोडलेल्या नाहीत.

या दोन वायरींसाठी हा सगळा लेख आहे म्हटलं तरी चालेल. चांगल्या ड्रेन पंपात मुख्य फ्लोटच्या वर आणखी एक स्विच असतो. पाणी नेहमीच्या पातळीच्या वर गेलं, म्हणजे पंप कुठल्याही कारणाने काम करत नाहीये, तर हा स्विच उघडतो. त्याच्या वायरी एसीच्या कंट्रोलमध्ये जोडलेल्या असतील तर कॉम्प्रेसर बंद होतो, नवीन पाणी तयार व्हायचं थांबतं आणि टाकी वाहत नाही. पंप बिघडला तरी घर भिजत नाही. इतकी साधी आणि इतकी शहाणी सोय कारखान्यातून जोडून आलेली, आणि आपण तिच्यावर टेप मारतो.

दुसऱ्या दिवशी गडचांदूरहून मेकॅनिक आला. बसवला होता त्यानेच. माणूस कामाचा होता, भांडायला काही कारण नव्हतं.

"भाऊ, हे दोन वायर मोकळे काऊन सोडले?"

"साहेब, ते जोडले का एसी मधातच बंद पडते. मंग फोन मलेच येते. घाट चढून मलेच या लागते."

मी यावर बराच विचार केला आहे, कारण त्याचं म्हणणं खोटं नाही. एप्रिल-मेमध्ये तो दिवसाला चार-पाच एसी बसवतो, मोटरसायकलवर तांब्याच्या पाइपाचं वेटोळं अडकवून. पैसे मिळतात ते बसवण्याचे. परत येण्याचे मिळत नाहीत. वायरी जोडल्या तर पंप अडकल्यावर 'एसी बंद पडला' असा फोन येणार, आणि 'एसी बंद' म्हणजे बसवणाऱ्याची चूक. वायरी सोडल्या तर 'पाणी गळतंय' असा फोन येणार, आणि पाणी गळणं म्हणजे नशीब. त्याच्या जागी बसून पाहिलं तर टेप मारणं हा अगदी शहाणा निर्णय आहे. सॉफ्टवेअरमध्ये आपण काय वेगळं करतो? एरर आली की ग्राहक ओरडतो, म्हणून एरर गिळून टाकायची आणि पुढे जायचं. डेटा हळूहळू सडत राहतो, पण स्क्रीन हिरवी दिसते.

यातली मोठी गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना शिकवतात. थेरॅक-२५ नावाचं किरणोपचाराचं मशीन. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात त्याने किमान सहा रुग्णांना भयंकर जास्तीचा डोस दिला, त्यातले काही दगावले. तपासात निघालं ते असं की सॉफ्टवेअरमधली तशीच चूक आधीच्या थेरॅक-२० मॉडेलमध्येही होती, पण त्यात हार्डवेअरचा वेगळा अडसर होता, म्हणून ती कोणाला बाधली नव्हती. नव्या मॉडेलमध्ये सॉफ्टवेअर आहे ना, मग अडसर कशाला, म्हणून तो काढला. भिजलेला प्रिंटर आणि मेलेला माणूस यांची तुलना करायची नाहीये मला. पण 'मुख्य यंत्र चालतंय तोवर अडसराची कटकट नको' हा विचार दोन्हीकडे एकाच जातीचा आहे.

शिवाय त्या मेकॅनिकच्या युक्तिवादात एक भोक आहे, ते मी त्याला तिथेच दाखवलं. हा स्विच एसी बंद करणार कधी? पाणी जास्त असेल तेव्हा. पाणी जास्त कधी? पावसाळ्यात, हवा २८-३० वर असताना. ४५ डिग्रीत पाणीच नसतं तर तो बंद करेल कशाला! म्हणजे एसीवाचून जीव जाईल अशा दिवशी हा स्विच जवळजवळ कधीच आडवा येत नाही. आणि येतो तेव्हा पंखा लावून भागतं. तो हसला, "हे बराबर आहे साहेब," म्हणाला आणि वायरी जोडल्या. नंतर दुसऱ्या घरी जोडतो की नाही ते देव जाणे.

जोडल्यावर आम्ही ते तपासलं, आणि तपासायला लागलं काय? दोन लिटरची पाण्याची बाटली. बस्स. एसी चालू ठेवून पाणी थेट टाकीत ओतलं. ठराविक पातळीला पंप सुरू झाला, अर्ध्या-एक मिनिटात टाकी रिकामी करून आपला आपण बंद झाला. एकजण बाहेर गल्लीत पाइपाच्या तोंडाशी उभा, पाणी खरंच बाहेर पडतंय ना ते बघायला. मोटरचा आवाज म्हणजे पाणी नव्हे. आवाज येतो आणि पाणी येत नाही तेव्हा पाइप कुठेतरी मुडपलेला असतो, नाहीतर पंपाच्या चक्रीत कचरा अडकलेला असतो. पंप बंद झाल्यावर पाइपातलं पाणी धपकन परत टाकीत आलं तर समजायचं की एकदिशा व्हॉल्व्ह पाणी धरत नाहीये. मग तेच पाणी वर-खाली करत पंप दिवसभर उठबस करत राहतो आणि खरंच जळतो. हे सगळं बघून झालं की शेवटी पंपाचा प्लग काढायचा आणि पाणी ओततच राहायचं. काठाला यायच्या आधी बाहेरचा कॉम्प्रेसर बंद पडला पाहिजे. आमचा पडला. प्लग परत लावला, टाकी रिकामी झाली, थोड्या वेळाने एसी पुन्हा सुरू.

नवीन एसी असेल तर त्याहून बरं म्हणजे पाणी थेट भिंतीवरच्या युनिटच्या ट्रेमध्ये ओतवून घ्यायचं. म्हणजे ट्रे, उतार, पाइप, टाकी, पंप, सगळी साखळी एका फटक्यात तपासली जाते. हे मात्र एसी बंद करून आणि मेकॅनिकच्या हातूनच. एका बाजूला सर्किट असतं, तिकडे पाणी गेलं तर वेगळाच लेख लिहावा लागेल. आणि हे पैसे द्यायच्या आधी. एप्रिलमध्ये बसवणाऱ्याला माझं एवढंच मागणं आहे की जुलै विकत आणता येत नाही, पण बाटलीत भरून आणता येतो. दहा मिनिटं जास्त लागतात. त्या दहा मिनिटांचे शंभर-दोनशे रुपये जास्त मागितले तर ते न कुरकुरता द्यावेत. आपण ऑफिसात टेस्टिंगला तीन आठवडे मागतो आणि घरी मेकॅनिकला तीन मिनिटंही देत नाही, हा दुटप्पीपणा आहे.

एक गंमत. पाणी ओतून दाखवताना भावाने विचारलं होतं, "दादा, हे पाणी उन्हाळ्यात कूलरले टाकलं तर?" पहाडावर उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात, टँकरची वाट बघावी लागते, त्यामुळे प्रश्न चुकीचा नव्हता. पण गणित जमत नाही. कूलरला पाणी हवं असतं मेमध्ये, आणि मेमध्ये एसी पाणी देत नाही. ज्या कोरड्या हवेमुळे कूलर झकास चालतो त्याच हवेत एसीची टाकी कोरडी राहते. ४५ डिग्री आणि १५ टक्क्यांत ओली गादी हवेला २४ अंशांच्या आसपासपर्यंत खाली ओढू शकते, म्हणून तर विदर्भाला कूलर मानवला. आणि एका खोलीत एसी, शेजारच्या खोलीत कूलर असेल तर कूलरने बादलीतून हवेत सोडलेलं पाणी एसी परत टाकीत गोळा करतो. वीज दोन्हीकडे जळते. (हे पाणी डिस्टिल्ड म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकणारेही पाहिलेत. वर तो लपक्या सांगितलाच आहे. टाकू नका.)

पण कूलरचा विषय निघालाच आहे तर माझ्या मते तोच जास्त गंभीर आहे. कारण कूलरमध्येही एक पंप असतो, आणि एसीवाल्यापेक्षा तो हजारपट घरांत आहे. वीस-पंचवीस वॅटचा, स्वस्तातला, २३० व्होल्टवर चालणारा, पाण्यात बुडवलेला. भोवती पत्र्याची बॉडी. आठ महिने माळ्यावर पडून असतो, वायरीचं रबर कडक होऊन तडकतं, आणि मार्चमध्ये आपण तो खाली उतरवतो, पाणी भरतो, प्लग लावतो, आणि तळहात पुढे करून गार हवा तपासतो. तीच परीक्षा! हवा गार आली म्हणजे पास. पत्र्यात वीज उतरली आहे की नाही, हे ती हवा सांगत नाही. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, बऱ्याचदा पाणी भरताना, बऱ्याचदा घरातली बाई किंवा लहान पोर. आणि प्लग काढूनच पाणी भरा, थ्री-पिन वापरा, अर्थिंग तपासा, असं आवाहन महावितरण दर उन्हाळ्यात करतं. आवाहन बरोबरच आहे. पण त्यात सगळा भार माणसाच्या लक्षात राहण्यावर टाकलेला आहे, आणि दुपारी दोन वाजता ४५ डिग्रीत बादली उचलणाऱ्या माणसाच्या लक्षात सगळं राहील हे गृहीत धरणं हेच मुळात खराब डिझाइन आहे.

इथलाही अडसर बाजारात मिळतो. आरसीसीबी. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणून ओळखतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला की नाही एवढंच तो बघत बसतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठून तरी, कदाचित कोणाच्या तरी अंगातून, वीज जमिनीत चालली आहे, की क्षणात लाइन तोडतो. नेहमीचा एमसीबी हे करत नाही. तो वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. पहाडावरच्या बऱ्याच घरांत अर्थिंग नावालाच असतं, तिथेही माणसाचा हात लागल्यावर आरसीसीबी काम करतो. अर्थिंग हवंच, पण ते नाही म्हणून हाही नको, असं नाही. किंमत कूलरपेक्षा कमी. आणि त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटन असतं. दाबलं की लाइन गेली पाहिजे. नाही गेली तर तो आरसीसीबी शोभेचा आहे, बदला.

आणि इथेही पुन्हा टेपच! नवीन बसवलेला आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून 'डायरेक्ट' करून दिलेली घरं मी जिवतीतच नाही, पुण्यातल्या चांगल्या सोसायटीतही पाहिली आहेत. तो पडतोय म्हणजे घरात कुठेतरी वीज झिरपतेय, आणि उन्हाळ्यात तरी पहिला संशय कूलरच्या पंपावर घ्यावा. पंपाचा प्लग काढून पाहा. पडायचा थांबला तर पंप फेकून द्या, नवा दोन-तीनशेला येतो. जुना दुरुस्त करून, एम-सील लावून पाण्यात सोडू नका.

भावाने त्याच्या केंद्रात आता टाकीची फळी प्रिंटरच्या वरून हलवली आहे आणि मेन बोर्डावर आरसीसीबी बसवला आहे. तो फॉर्म भरायला आलेल्या लोकांना 'टी' बटन दाबून दाखवतो, लाइट जाते, सगळे दचकतात, मग तो परत चालू करतो. वीज गेली की चालू असलेला फॉर्म जातो ना, असं मी त्याला म्हटलं. तर म्हणाला, सकाळी शटर उघडतो तेव्हाच दाबतो, कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी. पहिल्या नंबरला बसलेले जे असतील ते बघतात.